दोन्ही वेळची गोळी

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही — लेकीजवळ नाही, भावाजवळ नाही, देवाजवळसुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय, कोण जाणे. थकलोय, एवढंच.

शालन माझी बायको. माहेर अकोले तालुक्यातलं, डोंगरातलं. मी संगमनेरला दूध संघात फॅट तपासायच्या कामाला होतो. निवृत्त झालो आणि दोन वर्षांत तिचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस बंद करायचं विसरली, मग लेकीचं नाव, मग मला. त्यातच हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडायला लागले. डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी दिली — सकाळ-संध्याकाळ, एकही चुकवायची नाही. चुकली तर गुठळी होऊन मेंदूत जाईल, म्हणाले. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

गोळी देणं म्हणजे काय, कसं सांगू? ती दात घट्ट मिटून घ्यायची. बोट चावायची. हा परका माणूस आपल्याला विष घालतोय, असं तिला वाटायचं. एकदा हात जोडून म्हणाली, "दादा, म्या तुमचं काय वाईट केलंय? मला आईकडं जाऊ द्या."

चाळीस वर्षं संसार केलेली बाई मला दादा म्हणत होती. त्या दिवशी मी गोळी दिली नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. ती शांत होती. दुधात कुस्करलेली भाकरी माझ्या हातून खाल्ली, उन्हाला बसली. मला बरं वाटलं — खरं सांगतो, तिच्यासाठी कमी, माझ्यासाठी जास्त. असे अकरा दिवस गेले. लेक मनीषा नाशिकहून रोज फोन करायची. गोळी दिली का? दिली, म्हणायचो. पाकीट रिकामं दिसावं म्हणून गोळ्या मोरीत टाकायचो.

पण एवढंच असतं तर — तर कदाचित हे बोललोही नसतो. थकलेल्या माणसाकडून होतं, म्हणून मनाची समजूत घातली असती. पुढचं सांगायचंय.

बाराव्या दिवशी मनीषा घरी आलेली होती. सकाळी चहा पिताना शालनचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. मनीषानं गाडी काढली. अर्ध्या तासात आम्ही दवाखान्यात. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. स्कॅन पाहून म्हणाल्या, वेळेत आणलंत, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येईल. मग माझ्याकडे वळल्या.

"रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना? शेवटची कधी दिली?"

मनीषा शेजारीच उभी होती. तिचा हात माझ्या खांद्यावर.

"आज सकाळीच," मी म्हणालो. "दोन्ही वेळा देतो."

बाईंचा चेहरा उतरला. मग इंजेक्शन देता येणार नाही, म्हणाल्या. गोळी पोटात असताना ते दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आणि त्यांनी पुन्हा विचारलं — नक्की ना, आजोबा? दुसऱ्यांदा विचारलं हो त्यांनी. अकरा दिवस दिलेली नाही, एवढंच बोलायचं होतं. मी नुसती होकारार्थी मान डोलावली. कशाला भ्यालो? लेकीच्या नजरेतून उतरेन, याला. समोर बायको जात होती आणि मी माझी अब्रू सांभाळत होतो.

इंजेक्शननं ती उठली असती का? माहीत नाही. बाई नंतर म्हणाल्या, विसरण्याचा आजार आणि असा झटका एकत्र आले की म्हातारी माणसं फार काळ काढत नाहीत, मनाला लावून घेऊ नका. असेलही. शालनला मात्र तेवढीसुद्धा संधी मी मिळू दिली नाही. दवाखान्यात नवव्या दिवशी ती गेली.

दहाव्याच्या विधीला पाहुणे म्हणाले, एवढी सेवा कोण करतं आजकाल. मनीषा रडत होती — मीच आईला नाशिकला न्यायला हवं होतं, म्हणाली. तिनं दोष स्वतःकडे घेतला आणि मी घेऊ दिला.

आता घरी कुणी आलं की ती सांगते, आमच्या बापूंनी आईची एक गोळी चुकवली नाही. मी शेजारीच बसलेलो असतो. हो म्हणतो.