भुईमुगाचा सरवा
काल शेजारणीनं वाटीभर भाजलेल्या शेंगा आणून दिल्या आणि त्या खमंग वासानं मला थेट दिंद्रुडच्या आमच्या रानात नेऊन सोडलं. भुईमुगाची पोती घरी गेली होती, दादा ट्रॅक्टरनं रान नांगरत होता आणि आई पदराची ओटी करून मागोमाग निघाली होती, मातीत राहिलेल्या शेंगांचा सरवा वेचायला. "आये, घरची मालकीण अन् सरवा वेचतीस? लोक हासतील!" दादा वरून ओरडला. "हासू दे. भुईनं दिलेलं भुईतच कशाला ठिवायचं?" आई म्हणाली. फाळ फिरला की काळ्या ढेकळांतून शेंगा अशा उसळायच्या, की आम्ही बहिणी "माझी! माझी!" किंचाळत धावायचो. फ्रॉकच्या झोळ्या भरल्या, ओटी भरली, तरी शेंगा निघतच होत्या. अचानक ट्रॅक्टर थांबला. दादानं खाली उडी मारली, अंगातला नवाकोरा शर्ट काढून मातीत अंथरला आणि म्हणाला, "टाका ह्यात, लवकर! कावळे यायलेत!" काल खाता खाता एक शेंग घरंगळून सोफ्याखाली गेली. "राहू दे ना आई, एकच तर आहे," लेक म्हणाली. तोवर मी फरशीवर आडवी झाले होते.