मागून येणारी पावलं

आमची सून नाटकांना आवाज लावते. म्हणजे रंगमंचावर कुणी दार ढकललं की करकर हिची, बाहेर गाडी थांबली की ती गाडीही हिचीच. लग्न झालं तेव्हा मी शेजारणीला सांगितलं होतं, मुलगी कसलीशी बटणं दाबते.

एका दुपारी मी भाजी निवडत असताना तिने माझ्या कानांवर हेडफोन चढवले. गाण्यांचा कुठलासा अल्बम होता. एक बाई समोर बसून गात होती, आणि मध्येच कुणीतरी माझ्या खुर्चीमागून चालत गेलं. मी दचकून वळले. मागे नुसतं कपाट. सून पोट धरून हसली. पुढे महिनाभर तिला त्या अल्बमचं वेडच लागलं. दूध उतू जायचं, मी तोंडाचा पट्टा सोडायचे, पण ऐकायला तिचे कान मोकळे हवेत ना.

त्यातच तिला पहिल्यांदा अख्खं नाटक मिळालं. बायको गेलेल्या, नजर अधू झालेल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट. हिने नाट्यगृहभर स्पीकर लावले. छतावर कबुतरं, डावीकडे नळ, पाठीमागे जिना. अति तिथे माती, दुसरं काय. तालमीला मीही गेले होते; आम्ही बघणारे सगळे माना वळवून कबुतरं शोधत बसलो आणि म्हातारा बिचारा एकटाच रडत राहिला. दिग्दर्शकाने तिला बजावलं, पुढच्या तालमीतही असंच झालं तर काम दुसऱ्याला देईन.

ती न जेवताच झोपली. मला दिग्दर्शकाचा राग आला होता, पण तो खोटं काय बोलला होता? सकाळी तिने तोच अल्बम पुन्हा लावला आणि मला विचारलं, "आई, पावलं येईपर्यंत तुम्ही कुठे बघत होतात?"

"गाणाऱ्या बाईकडे," मी म्हटलं, आणि माझं मलाच हसू आलं. बाई होती कुठे?

ती मात्र हसली नाही. "म्हणजे तिने आधी तुम्हाला स्वतःसमोर बसवलं. मी कुणाला म्हाताऱ्यासमोर बसवलंच नाही."

कबुतरं, नळ, जिना, सगळं तिने काढून टाकलं. पाठीमागून एकच आवाज ठेवला, म्हाताऱ्याच्या बायकोच्या पावलांचा. त्यासाठी चपला घालून मला घरभर चालवलं. माझा डावा पाय जरा घासतो. तो चारचौघांना ऐकवायचा म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं. नीट चालून बघितलं, तर म्हणाली, रोज चालता तसंच चाला. दुसऱ्या तालमीनंतर दिग्दर्शकाने कौतुक काही केलं नाही, पण दुसऱ्या कुणाला बोलावलंही नाही.

पहिल्या प्रयोगाला म्हाताऱ्याने दोन कपांत चहा ओतला आणि एक कप रिकाम्या खुर्चीपुढे सरकवला. तेवढ्यात आमच्या पाठीमागून पावलं आली. एक पडणारं, एक घासणारं. रांगांमधून हळूहळू पुढे गेली आणि त्या खुर्चीपाशी थांबली. एकही मान वळली नाही. सगळे म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. माझा ऊर अभिमानाने भरून आला.

शेजारच्या अनोळखी बाईंनी डोळे पुसत हळूच विचारलं, "किती खरी वाटतात हो. कुणाची असतील ही पावलं?"

माझी, असं म्हणता आलं असतं.

"माझ्या सुनेची," मी म्हटलं.