सलामीचा की सहाव्या नंबरचा

दादाचं आणि माझं भांडण एकाच गोष्टीवरून चालायचं. एकदिवसीय क्रिकेटमधले दोन फलंदाज. एक सलामीला यायचा, तो दादाचा. दुसरा सहाव्या नंबरावर, तो माझा. नावं सांगत नाही. सांगितली तर तुम्हीही बाजू घ्याल आणि मूळ गोष्ट राहून जाईल.

मी ज्युनियर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. दादाचं साकीनाक्याला लेथचं छोटं वर्कशॉप. रविवारी सकाळी मी त्याच्या नाहूरच्या घरी जायचो, वहिनी घावणे टाकायची आणि पहिला घावणा संपायच्या आत कुणीतरी सरासरी काढायचंच. माझ्या माणसाची सरासरी दादाच्या माणसापेक्षा चांगलीच जास्त होती. ती मी दर रविवारी त्याच्या तोंडावर फेकायचो.

"अरे, तो शेवटी येतो आणि नाबाद राहतो," दादा म्हणायचा. "तू धावांना भागतोस कशानं? आउट झाला तेवढ्याच वेळांनी ना? मग सरासरी फुगणारच. माझा माणूस नवा चेंडू खेळतो, यार! तुझ्याला पाठव की सलामीला, बघ कशी वाट लागते."

मी मग स्ट्राइक रेट काढायचो, पाठलागातल्या धावा काढायचो. त्याचं म्हणणं बरोबर होतं. नुसत्या आकड्याला अर्थ नसतो, समोर काय होतं ते बघावं लागतं, हे मी स्वतः वर्गात घसा फोडून शिकवतो. पण थोरल्या भावापुढे मान तुकवायची म्हणजे काय! वहिनी म्हणायची, "ते दोघं आपापल्या घरी निवांत जेवतायत. तुमचे घावणे गार होतायत, भावोजी."

मग दादाला जिना चढताना धाप लागायला लागली. हृदयाची एक झडप निकामी झाली होती. बायपास आधीच झालेली, त्यात शुगर. ऑपरेशन लांबवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. मला वाटलेली पहिली गोष्ट भीती होती आणि दुसरीही भीतीच. अशा वेळी माणसं देवाला नारळ बोलतात. मी आकडे गोळा करायला निघालो.

दोन सर्जनची नावं कळली होती, एक घाटकोपरचे, एक अंधेरीच्या बाई. मी एकटाच दोघांना भेटलो आणि लाज सोडून विचारलं, अशा ऑपरेशनमधून शंभरातले किती वाचतात? दोघांनीही सरळ सांगितलं. घाटकोपरच्या डॉक्टरांचा आकडा ऐकून छातीवरचं ओझं उतरलं. बाईंचा बराच कमी होता.

"घाटकोपर," मी घरी येऊन म्हणालो.

दादा पलंगावर उशीला टेकून बसला होता. "त्यांच्याकडे पेशंट कसले येतात, ते विचारलंस?"

"दादा, हे क्रिकेट नाही."

"मग तू सरासरी कशाला काढतोयस?"

मी त्याच्यावर ओरडलो. आजारी माणसावर ओरडू नये, पण माझं डोकंच चालत नव्हतं. मला तो मोठा आकडा हवा होता, बस्स.

घाटकोपरच्या डॉक्टरांनी फाइल शेवटपर्यंत वाचली, दादाला तपासलं आणि शांतपणे म्हणाले, "ही केस मी घेणार नाही. धोका फार आहे." त्यांची बोलण्याची पद्धत इतकी सभ्य होती की आम्ही आभार मानून बाहेर आलो. बाहेरच्या बाकावर दादाला बसवताना मला कळलं. दादा जगला काय, गेला काय, या माणसाच्या आकड्याला धक्का लागणार नव्हता. दादा त्यात धरलेलाच नव्हता.

"म्हणजे काय, भावोजी?" वहिनीनं विचारलं.

"काही नाही. अंधेरीला जाऊ," मी म्हणालो.

अंधेरीच्या बाई म्हणाल्या, "माझ्याकडे बहुतेक इतरांनी परत पाठवलेलेच येतात. मी करीन. पण खात्री देणार नाही."

दादानं माझ्याकडे बघून डोळा मारला. बाई नवा चेंडू खेळणाऱ्या निघाल्या होत्या ना! मला हसू आलं नाही. त्यांचा आकडा कमी का, याचा उलगडा झाला होता, आणि त्यातले जे वाचले नाहीत तेही दादासारखेच कुणीतरी होते, हेही कळलं होतं.

ऑपरेशनच्या सकाळी वहिनी औषधं आणायला खाली गेली आणि आम्ही दोघंच उरलो. दादा हिरव्या गाउनमध्ये स्वस्थ पडला होता. त्याची नखं इतकी स्वच्छ मी कधी पाहिली नव्हती. वाटलं, काहीतरी चांगलं बोलावं. त्याला बरं वाटेल असं.

"दादा, खरं सांगू? तुझाच भारी. सलामीचा. मी उगाच वाद घालायचो."

मला वाटलं होतं, तो खूश होईल. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्यानं माझं मनगट धरलं.

"एवढं वाईट आहे का रे?"

"काय?"

"बाईंनी काय सांगितलं तुला? खोटं बोलू नकोस. तू माझं कधी मान्य केलं नाहीस."

तोवर तो घाबरलेला नव्हता. माझी भीती मीच त्याच्या हातात दिली होती. तेवढ्यात वॉर्डबॉय ट्रॉली घेऊन आला. दादाला तिच्यावर घेतलं आणि ती निघाली. मी बाजूनं जवळजवळ पळत होतो.

"मस्करी केली रे! सरासरी बघ ना दोघांची. कुठे तुझा, कुठे माझा! पाठलागात टिकला का तुझा कधी?" माझा आवाज फाटत होता. "बोल ना, टिकला का?"

एरवी एवढ्यावर तो उठून बसला असता. आज त्यानं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि आमची आई गेली तेव्हा मला धरून बोलला होता त्या आवाजात म्हणाला, "बरोबर आहे तुझं."

"नाही, नाही, दादा, ऐक," मी म्हणत होतो, पण ट्रॉली आत गेली होती.