काचेला चिकटलेलं गाव

"आई, हात लावू नकोस, फाटेल!" लेक ओरडली. तिच्या आयरिश मैत्रिणीचा जुना नकाशा भिजून चौकटीच्या काचेला चिकटला होता आणि मैत्रीण फरशीवर बसून तिथल्या अरबीत "खलास, खलास" म्हणत रडत होती. दोघी सौदीतल्या यान्बूच्या हॉस्पिटलात नर्स, राहायला एकत्र, आणि मी लेकीकडे पाहुणी. आम्ही बाहेर असताना एसीचं पाणी भिंतीवरून झिरपलं होतं. "कागदासाठी काय रडते?" मी विचारलं. लेक म्हणाली, "अगं, तिच्या खापरपणजीचं गाव फक्त ह्याच नकाशात आहे. बटाटे कुजले, माणसं उपासमारीनं मेली, उरली ती परदेशी गेली. नव्या नकाशात त्या गावाचं नावसुद्धा नाही." मग मी पदर खोचला. आंब्याच्या रसाची वाळलेली साठं ताटावरून सोडवण्यात माझा जन्म गेलाय. ओलं ओढलं तर फाटतं, कडक वाळलं तर तुटतं. कागद दमट होईपर्यंत दोघींना लांब बसवलं. मग कडेनं पातळ सुरी फिरवली, काच मऊ लुगड्यावर पालथी धरली आणि वरून हलक्या चापट्या मारत राहिले. अख्खा नकाशा खाली उतरला, कोपरासुद्धा न फाटता. "हे घे तुझं खलास," मी म्हटलं. तिनं एका बारीक नावावर बोट ठेवलं आणि मला उचलूनच घेतलं. आज घरी साठांचा डबा उघडला, साठाचा वास आला आणि ते नाव आठवलं. मैत्रिणीनं नंतर सांगितलं होतं, त्या गावातल्या तिच्या घरची सात माणसं मेली. जगली ती एकटी खापरपणजी.