पहिल्या व्याख्यानाची दुपार

दुपारी अण्णा, माझे वडील, ओसरीवर बसून टोपीला इस्त्री करत होते. तांब्यात उकळतं पाणी भरायचं आणि तो टोपीवरून सावकाश फिरवायचा, ही त्यांची जुनी रीत. संध्याकाळी गावच्या वाचनालयात माझं पहिलंच व्याख्यान होतं, एका पोलिश कवयित्रीवर.

"पोलंडात थंडी लई असंल," अण्णा म्हणाले. "त्या बाईसुद्धा डोकं झाकूनच लिहीत असतील."

मी हसलो, पण मनात वेगळंच चाललं होतं. समोरच्या रांगेत माझे प्राध्यापक असणार, आणि एखादं वाक्य आवडलं की अण्णा कीर्तनात बसल्यासारखे हात जोडून मोठ्यानं "वा, महाराज!" म्हणणार.

अण्णांनी मला कॉलेजापर्यंत शिकवलं म्हणून ही कवयित्री मला पुस्तकांत भेटली. तिच्या कवितेत किरकोळ माणूस नसतोच. रस्त्यातल्या अनोळखी माणसापाशीही ती थांबते, त्याला डोळे भरून बघते. हा असा, इथे, आत्ता आहे, याचंच तिला नवल वाटतं. हे सारं मी संध्याकाळी सांगणार होतो. आणि तोंडातून निघून गेलं,

"अण्णा, विषय जरा अवघड आहे. तुम्हाला कंटाळा येईल."

त्यांचा हात थांबला. मग पुन्हा फिरू लागला.

"येऊ दे की," ते म्हणाले. "मला कुठं समजून घ्यायचंय? मी आपला मागं बसतो, भिंतीपाशी. तुला बोलताना बघितलं की झालं."

मान वर करून त्यांच्याकडे बघणं मला जमेना.