बॉयलरला कान लावणारे काका

गेल्या वर्षी चिंचोळीच्या आमच्या वर्कशॉपात एक जुनं वाफेचं इंजिन आलं. दोनाऐवजी चार डबे ओढावेत म्हणून आम्ही त्याचा बॉयलर जास्त दाबासाठी नव्याने बांधला. तपासायला एक म्हातारे फिटर आले. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. दाबाचा काटा जुन्या खुणेपलीकडे सरकला, तसे आम्ही सगळे भिंतीपर्यंत मागे हटलो. ते मात्र बॉयलरजवळ वाकून ऐकत उभे होते.

"काका, भीती न्हाय वाटत?" मी ओरडलो.

"लई वाटती की! म्हणून तर बारीक आवाजबी ऐकू येतोय. आग काढा!"

बॉयलर थंड करून उघडला, तर आतला एक बोल्ट तुटलेला होता आणि शेजारचा चिरलेला. काकांनी चहा मागितला, पण कप काही त्यांच्या हातात ठरेना. शेवटी मीच तो त्यांच्या ओठांशी धरला.