लाल कॅमारो, निळी मस्टँग

इन्शुरन्सचे क्लेम तपासण्यात माझी वीस वर्षं गेली. समोरचा गोड बोलायला लागला की माझे कान टवकारतात. इथे कॅनडात, ओकव्हिलच्या त्या गोऱ्या म्हाताऱ्याने गॅरेज उघडून "आरामात बघा, घाई नाही" म्हटलं, तेव्हाच मला वाटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

आत दोन जुन्या मसल कार, दांडग्या इंजिनाच्या अमेरिकन गाड्या. लाल कॅमारो नव्या रंगाने चकाकत होती. निळ्या मस्टँगचा रंग उडालेला, दाराखाली गंज. म्हातारा घर सोडून कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, राहायला चालला होता; आम्ही निवडू ती गाडी आम्हाला विकणार, उरलेली मुलीला देणार. नागपूरच्या हॉस्टेलच्या भिंतीवर असल्या गाडीचं चित्र लावलं, तेव्हापासून माझ्या नवऱ्याला हे वेड.

"हा गंज बघा," म्हाताऱ्याने स्वतःहून दाखवलं, "विंटरमध्ये बर्फासाठी रस्त्यावर टाकतात त्या मिठाने खाल्लंय." स्वतःहून खोट दाखवतो म्हणजे मोठी लपवत असणार, मी मनात नोंद केली.

इंजिनवरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर जुळला तरच शौकीन लोक गाडीला अस्सल मानतात, हे ह्यांनी विंटरभर सांगून माझं डोकं उठवलं होतं. आणि आता टॉर्च घेऊन दोन्हीकडे जेमतेम वाकले. "दोन्हींचे जुळतात. लालच घेऊ."

एवढ्यात? मी टॉर्च हिसकावून घेतला. निळीचे जुळत होते. लालचे अर्धे आकडे वेगळेच! म्हातारा जमिनीकडे बघत होता. अगं बाई, म्हणजे हे दोघे फोनवर आधीच ठरवून बसलेत? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ह्यांना कोपऱ्यात ओढलं. "अहो, हा शेवटचा आकडा वाचा बरं."

"सात... नाही, एक."

तीन होता. चांगला ठसठशीत तीन.

मग एकेक आठवायला लागलं. फॉलपासून 'पाठ धरलीय' म्हणत गाडीची किल्ली माझ्या हातात देत होते. आमच्या इथल्या असोसिएशनच्या धम्मदीक्षेच्या कार्यक्रमात बावीस प्रतिज्ञा वाचल्या, पण पान एकदाही उलटलं नाही. तेव्हा वाटलं होतं, तोंडपाठ आहेत म्हणून मिरवतायत.

"डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, पुढच्या तपासणीत लायसन्स जाईल," ते हळूच म्हणाले.

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू त्याच दिवशी किल्ली काढून घेतली असतीस."

घेतलीच असती. मला रडू आलं आणि रागही आला.

"मग लालच का?"

"निळी मला या अंधारात दिसतच नाही गं."

मी म्हाताऱ्याला म्हटलं, लाल. तो चपापला. "इंजिन बदललेलं आहे. मी सांगणारच होतो. तुम्ही नंबर पाहिलेत ना?"

"पाहिले."

"तरी लाल?" आता तोच माझ्याकडे संशयाने बघत होता.

त्याचा ड्राइव्हवे लांबलचक होता. तेवढाच चालवून बघायला त्याने परवानगी दिली. हे स्टीअरिंगवर, मी शेजारी. "डावीकडे झाड आहे. सरळ. हळू. समोर कोणी नाही." इंजिनच्या आवाजात मी ओरडून सांगत होते आणि ते शहाण्या मुलासारखे ऐकत होते. एरवी माझं एक ऐकतील तर शपथ.

रस्ता लागायच्या आधी त्यांनी ब्रेक दाबला, गाडी बंद केली आणि मी काही बोलायच्या आत किल्ली माझ्या मांडीवर ठेवली.